डावीकडची जागा

“...मग या तिन्हींतलं सगळ्यात चांगलं कुठलं? तेवढंच सांगा.”

भालचंद्र सुर्वे बाकावर तीन डबे ओळीनं मांडून उभे होते.

दस्तगीर शिकलगार चहा पीत होते. त्यांनी डब्यांकडे पाहिलं. मग सुर्व्यांकडे. मग रस्त्याकडे.

“गाडी कुठाय?”

“बाहेर आहे. पण गाडीचं नंतर. आधी ब्रेक पॅडचं सांगा.”

“गाडीचं नंतर...” दस्तगीर स्वतःशीच म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतून घेतला.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून वर आलं की हेळवाकच्या अलीकडे एक पत्र्याची शेड लागते. तिला पाटी नाही. दस्तगीर तिथं पन्नास वर्षं बसलेले. वय अठ्ठ्याहत्तर. काम एकच, ब्रेकचं. इंजिनाला हात लावत नाहीत. कुणी आग्रह केलाच तर म्हणतात, “चालती करनारे लय हायेत.”

कऱ्हाडपासून चिपळूणपर्यंत जे ब्रेकचं काम करतात, त्यांतले निम्मे त्यांच्या हाताखालून गेलेले. ट्रकवाले, बसवाले त्यांना उस्ताद म्हणतात.

सुर्वे त्यांना उस्ताद म्हणत नव्हते. अजून काहीच म्हणत नव्हते.

सुर्वे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. वय सदुसष्ट. आयुष्यभर धरणांचे दरवाजे बघितलेले. किती पाणी, किती दाब, किती वेळात थांबवायचं... सगळं त्यांना तोंडपाठ. बरोबर एक फाइल आणली होती. तिच्यात तीन कंपन्यांच्या ब्रेक पॅडची कोष्टकं होती, स्वतःच्या हातानं आखलेली.

“हे पहिलं शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसलं आहे. दुसरं सिरॅमिकचं. तिसऱ्यात धातू जास्त आहे, तापलं तरी पकड सोडत नाही. मी सगळं वाचलंय. फक्त तुमचा अनुभव काय म्हणतो, ते हवंय.”

“आत्ता हाय ते लागत न्हाई का?”

“लागतं की.”

“आवाज?”

“नाही.”

“दाबल्यावर गाडी एका अंगाला वढती?”

“नाही.”

“मग बदलायचं कशाला?”

सुर्व्यांनी फाइल मिटली. परत उघडली.

“दोन वर्षांत तीनदा बदलून झालं. पहिलं साधं होतं. मग त्याहून भारी घातलं. मग त्याहून भारी. आता...”

“आता?”

“बायको गाडीत बसत नाही.”

दस्तगीरांनी बशी खाली ठेवली.

ते खरं होतं. सुर्व्यांच्या बायकोची, शालनताईंची, थोरली बहीण वत्सला कऱ्हाडला असते. अर्धं अंग गेलेलं. ती बाकी कुणाला ओळखत नाही, शालनला ओळखते. म्हणून दर गुरुवारी शालनताई चिपळूणहून कऱ्हाडला जातात, दोन दिवस राहतात आणि शनिवारी परततात. दोन वर्षं सुर्वे त्यांना गाडीनं नेत होते. गाडी सव्वीस वर्षांची, पण सुर्व्यांनी ती अशी ठेवलेली की बघणाऱ्यानं विचारावं, विकायची आहे का.

गेल्या चैत्रात घाट उतरताना शालनताई म्हणाल्या, “थांबवा.”

गाडी थांबली. जागच्या जागी थांबली. सुर्व्यांना त्या ब्रेकचा अभिमानच वाटला.

शालनताई दार उघडून खाली उतरल्या. पिशवी घेतली, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला.

तेव्हापासून त्या एसटीनं जातात. गुडघे दुखतात, वळणावर मळमळतं, पण एसटीनंच. आणि सुर्वे... सुर्वे गाडी घेऊन एसटीच्या मागून जातात. जाताना मागून, येतानाही मागून. चिपळूण ते कऱ्हाड. रिकामी गाडी घेऊन.

कंडक्टर ओळखतात. ‘आले बघा मागून,’ म्हणतात.

गेल्या गुरुवारी बस भरलेली होती. शालनताई चिपळूणपासून पाटणपर्यंत उभ्या होत्या. मागच्या काचेतून त्यांचा हात दिसत होता, वरच्या दांडीला धरलेला. सुर्व्यांना तो सबंध रस्ताभर दिसत होता.

एवढं सगळं ते दस्तगीरांना बोलले नाहीत. बोलले ते इतकंच, “तिला ब्रेकची भीती वाटते. म्हणून म्हटलं, एकदा असं पॅड घालावं की प्रश्नच मिटला.”

दस्तगीर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळू.

बाहेर येऊन त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. पुढचं चाक काढलं. आतली डिस्क, पॅड जिला चिमटीत धरतात ती लोखंडी चकती, उघडी पडली. तिच्यावर त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं. नख खर्र खर्र करत गेलं.

“चरं पडल्यात.”

“माहीत आहे. मी जाडी मोजलीय. मर्यादेत आहे.” सुर्व्यांनी खिशातून व्हर्निअर काढून दाखवला.

“मर्यादेत हाय,” दस्तगीर म्हणाले. “जरा घासून घेतली की चालंल. पर ह्या तिन्हीतलं कुठलं बी लावलंत, तर पॅड टिकंल, चकती जाईल. जुनी गाडी हाय. तिला तिच्याएवढंच कडक काय तरी पायजे. जास्त न्हाई.”

“म्हणजे तिन्ही नकोत?”

दस्तगीरांनी पान्हा उचलला. चाक परत बसवलं. हात पुसले.

“चला. एक चक्कर मारू.”

सुर्वे सवयीनं उजव्या दाराकडे गेले. तिथं दस्तगीर आधीच उभे होते. त्यांनी हात पुढे केला, किल्लीसाठी.

“तुमी तिकडं.”

सव्वीस वर्षांत सुर्वे स्वतःच्या गाडीत डावीकडे कधी बसले नव्हते.

बसले तर गुडघे समोर टेकले. सीट शालनताईंच्या मापानं पुढे ओढलेली होती. दाराच्या कप्प्यात आवळासुपारीची डबी होती, एक घडी घातलेला रुमाल होता. सुर्व्यांनी डबी उचलली, बघितली, परत होती तशी ठेवली.

“तुमी ब्रेक कदी मारता?” गाडी सुरू करता करता दस्तगीरांनी विचारलं.

“मारायला हवा तेव्हा. आधी नाही, नंतर नाही. वेग किती, अंतर किती, उतार किती... डोक्यात गणित चालू असतं. चाळीस वर्षांत एक ओरखडा नाही.”

“बरं.”

गाडी घाटाकडे निघाली.

दिवाळी होऊन गेली होती. गवत पिवळं पडलं होतं. ऊन चांगलं होतं, रस्ता कोरडा, समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं. भिण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्या वळणाच्या खाली एक ट्रक रखडत उतरत होता. त्याच्या मागच्या फळीवर कुणीतरी पिवळ्या रंगात फुलं काढली होती.

दस्तगीर गाडी चालवत राहिले.

फुलं मोठी झाली.

“उस्ताद...”

हा शब्द सुर्व्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

दस्तगीर समोर बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. फुलांच्या पाकळ्या मोजता येतील एवढी ती जवळ आली.

“ब्रेक! अहो, ब्रेक!”

ब्रेक लागला. गाडी नाक खाली घालून थांबली. ट्रक आणि गाडीमध्ये हातभर अंतर होतं.

“आदळलो का?” दस्तगीरांनी विचारलं.

सुर्व्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांचंच होतं. शालनताई दचकल्या की ते म्हणायचे. ते त्यांनी इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

ट्रक पुढे गेला. गाडी पुन्हा निघाली. पुढचं वळण आलं, समोर कठडा, कठड्यापलीकडे दरी. दस्तगीरांनी ब्रेक मारला तेव्हा सुर्व्यांना कठड्यावरचं शेवाळ दिसत होतं. त्यापुढच्या वळणावर समोरून बस आली. त्यापुढच्या वळणावर काहीच आलं नाही, नुसतं वळण होतं.

प्रत्येक वेळी गाडी थांबायची तिथंच थांबली. हळू व्हायची तिथंच हळू झाली. चूक एकही नव्हती. सुर्वे शोधत होते. सापडत नव्हती.

मग एका रुंद जागी दस्तगीरांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

वाऱ्याचा आवाज येऊ लागला.

“घाबरलात?”

“नाही,” सुर्वे म्हणाले.

“साहेब... जरा खाली बगा.”

सुर्व्यांनी खाली पाहिलं.

त्यांचा उजवा पाय ताठ झाला होता. टाच रोवलेली, चवडा जोर करून खाली दाबलेला. तिथं ब्रेक नव्हता. तिथं नुसती रबरी मॅट होती.

त्यांनी पाय उचलला.

मॅटला भोक पडलं होतं. एकदम फाटून पडतं तसं नाही. झिजून झिजून, कडा पातळ होत होत. भोकातून खालचा पत्रा दिसत होता आणि तोही घासून चकचकीत झाला होता. भोक लहान होतं. सुर्व्यांच्या बुटापेक्षा बरंच लहान.

“ही मॅट कदीची?”

“गाडी घेतली तेव्हाची.”

“अन डायवरकडची?”

“दोनदा बदलली.”

“हितली?”

सुर्वे भोकाकडे बघत राहिले.

“इथं कोण पाय...” ते म्हणाले आणि थांबले.

एक एसटी चढून वर गेली. मग एक मोटारसायकल.

“हितं चकती न्हाई, पॅड न्हाई,” दस्तगीर म्हणाले. “तरी झिजलं.”

सुर्व्यांनी काच खाली केली. परत वर केली.

“म्हणजे मी गाडी वाईट चालवतो, असं म्हणायचंय तुम्हाला.”

“न्हाई, न्हाई. लय चांगली चालवता. म्हनून तर त्यास्नी काय बोलता येत न्हाई.”

सुर्व्यांनी पाय भोकापासून मागे घेतला.

“पॅड जेवडं भारी, तेवडा ब्रेक उशिरा. व्हय का न्हाई?”

सुर्व्यांनी मनात गणित केलं. नकळत केलं. दुसरं पॅड घातलं तेव्हा गाडी दहा फूट आधी थांबायला लागली होती. ते दहा फूट त्यांनी महिन्याभरात वापरून टाकले होते. तिसरं घातलं तेव्हा आणखी आठ. तेही वापरले. शालनताईंसाठी म्हणून जे जे घातलं, त्यातलं शालनताईंपर्यंत एक इंचसुद्धा पोचलं नव्हतं.

गणित बरोबर होतं. त्यांनी दोनदा तपासलं.

“मग कुठलं घालू?” त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“मला काय ठावं? मी रोज तुमच्या डावीकडं बसतो का?”

“मग विचारू कुणाला?”

दस्तगीरांनी गाडी वळवली आणि वर शेडकडे नेली. येताना ती इतकी सावकाश आणली की सुर्व्यांना रस्त्याकडेची दोन घरं पहिल्यांदाच दिसली.

शेडपाशी उतरल्यावर दस्तगीरांनी किल्ली परत दिली नाही. खिशात घातली.

“गाडी ऱ्हाऊ दे हितंच. चकती घासून ठेवतो. गुरवारी या.”

“अहो, पण आज शनिवार. ती दुपारच्या बसनं कऱ्हाडहून निघेल. मी तिला आणायला... म्हणजे, मागून यायला चाललो होतो. गाडीशिवाय मी जाऊ कसा?”

दस्तगीरांनी समोरच्या थांब्याकडे हात केला. मग चाकापाशी जाऊन बसले आणि पान्हा शोधू लागले.

*

चारच्या सुमाराला कऱ्हाड-चिपळूण बस आली.

सुर्वे चढले तेव्हा कंडक्टरनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागच्या काचेतून रस्त्याकडे.

शालनताई चौथ्या बाकावर खिडकीशी होत्या. त्यांनीही मागं वळून काचेतून पाहिलं.

“गाडी कुठे?”

“इथे वर ठेवलीय. उस्तादांकडे.”

“कोण उस्ताद?”

“ब्रेकचं काम करतात.”

“परत पॅड?”

सुर्वे शेजारी बसले. पिशवी मांडीवर घेतली. फाइल त्यांच्याकडेच होती, ती पिशवीवर ठेवली.

“वत्सलाताई कशा आहेत?”

“काल नाव घेतलं माझं. एकदा.”

बस घाटाला लागली. सुर्व्यांनी समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत विचारलं, “शालन, तुला नक्की कुठे भीती वाटते?”

“आता कशाला ते?”

“सांग ना.”

“काही नाही. मला नाही वाटत भीती. बसा गप.”

बस वळली. ड्रायव्हरनं लांबूनच वेग कमी केला होता. शालनताईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि कुणाला सांगितल्यासारखं नाही, सहज म्हणाल्या, “इथे.”

“इथे?”

“हा कठडा आहे ना, पांढरा. तो अंगावर येतो.”

सुर्व्यांनी फाइल उघडली. कोष्टकाचा कागद काढला, उलटा केला. खिशातलं पेन काढून लिहिलं. पांढरा कठडा.

शालनताईंनी ते पाहिलं. पुढचं वळण आल्यावर त्यांनी बोट दाखवलं.

“इथे. खाली उतार सुरू होतो तिथं.”

त्यांनी लिहिलं.

“इथे नाही. इथे बरं वाटतं, इथे तुम्ही हळू असता.”

त्यांनी तेही लिहिलं.

घाट संपेपर्यंत कागदावर नऊ ओळी झाल्या. सपाटीला लागल्यावर सुर्व्यांनी पेनाला टोपण लावलं, तेव्हा शालनताई म्हणाल्या, “अजून दोन आहेत.”

“घाट तर संपला.”

“ट्रकच्या मागे. कुठलाही ट्रक. आणि...”

“आणि?”

“आपल्या फाटकात.”

“फाटकात? अगं, तिथे दहाचासुद्धा वेग नसतो!”

“फाटकाला नाक टेकेपर्यंत नेता तुम्ही. रोज. मी रोज डोळे मिटायचे.”

सुर्व्यांनी पेनाचं टोपण काढलं. अकरावी ओळ लिहिली. अक्षर वाकडं आलं, बस हलत होती.

“सव्वीस वर्षं...” ते म्हणाले. “कधी बोलली नाहीस.”

“बोलले होते की. पहिल्याच वर्षी.”

“मग?”

“तुम्ही मला कागदावर गणित मांडून समजावून सांगितलंत. बरोबर होतं ते.” शालनताईंनी पदर सारखा केला. “मग काय बोलायचं?”

शिरगाव गेलं. मग चिपळूण आलं. उतरताना सुर्व्यांनी हात पुढे केला. एरवी ते खाली गाडी लावून, लांबून बघत थांबलेले असायचे. शालनताईंनी हात धरला, पायरीचा अंदाज घेतला, आणि दुखरा गुडघा सावरत उतरल्या.

*

गुरुवारी दोघं सकाळच्या बसनं निघाली आणि शेडसमोर उतरली.

शालनताईंनी आधीच सांगून टाकलं होतं, “मी बघायला येतेय. बसेन म्हणून नाही. पटलं नाही तर पुढची बस आहे.”

“पुढची साडेअकराला आहे,” सुर्वे म्हणाले. “मी विचारून ठेवलीय.”

दस्तगीरांनी ताईंना बाक पुसून दिला. त्यांच्यासाठी चहा मागवला. मग सुर्व्यांकडे वळले.

सुर्व्यांनी कागद पुढे केला.

“ह्याच्यावरून निवडा.”

दस्तगीरांनी चष्मा लावला. सावकाश वाचू लागले, एकेका ओळीवर बोट ठेवून. अकराव्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी ती परत वाचली. कागद उलटून मागचं कोष्टकही बघितलं आणि परत सरळ केला.

“ह्ये कुणी सांगितलं?”

“हिनं.”

“सगळं?”

“सगळं.”

दस्तगीरांनी चष्मा काढला. बाकावरचे तीन डबे अजून तिथंच होते, ओळीनं. ते उचलून त्यांनी सुर्व्यांच्या हातात दिले.

“ह्ये घरी न्या.”

“काय करू ह्यांचं?”

“शर्यत लावायची झाली तर उपेगाला येतील.”

शालनताईंना हसू आलं. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

दस्तगीरांनी पत्र्याच्या कपाटातून एक डबा काढला. कोपरे दबलेला, साधा. गाडी नवी असताना तिच्यात जसलं पॅड येतं, तसलंच त्यात होतं.

सुर्व्यांनी डब्यावरचं नाव वाचलं. फाइल बाकावर ठेवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडून जॅक धरायला पुढे झाले.

चकती घासून गुळगुळीत झाली होती. दस्तगीरांनी पॅड बसवलं, चाक चढवलं. मग दुसरं चाक. तास गेला. सुर्व्यांनी दोनदा चुकीचा पान्हा दिला आणि दोन्ही वेळा निमूट परत घेतला.

काम झाल्यावर दस्तगीर उभे राहिले आणि बोलले, ते मात्र शालनताईंकडे बघून.

“ताई, नव्या पॅडची अन जुन्या चकतीची वळख हुयाला तीनशे किलोमीटर लागत्यात. तवर जोरात दाबायचं न्हाई. लांबनं दाबायचं, हळू. जोरात दाबलं तर पॅड वरनं भाजतंय, काचंवानी हुतंय. मग कितीबी दाबा, धरत न्हाई.”

“तीनशे म्हणजे किती फेऱ्या?”

“दीड,” सुर्वे पटकन म्हणाले. “जाऊन-येऊन दोनशे, म्हणजे तीनशेला...”

शालनताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते थांबले.

“किती फेऱ्या लागतील, ते ह्या ठरवतील,” दस्तगीर म्हणाले.

साडेअकराची बस आली. थांब्यावर थांबली. कंडक्टर दारात येऊन शेडकडे बघू लागला.

शालनताई उठल्या. पिशवी उचलली.

सुर्व्यांनी गाडीचं डावीकडचं पुढचं दार उघडून धरलं होतं. नुसते उभे होते, दाराच्या कडेवर हात ठेवून.

शालनताई बसकडे बघत राहिल्या. मग गाडीकडे. उघड्या दारापर्यंत आल्या, आत डोकावल्या, आणि पुढे होऊन मागचं दार उघडलं.

“आज मागं बसते.”

सुर्व्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. ते गेल्यावर ते म्हणाले, “बस.”

त्यांनी पुढचं दार हळूच लावलं. मग त्यांना काही सुचलं. उजवीकडून आत वाकून त्यांनी आरसा वळवला. रस्ता दिसत राहील आणि मागं बसलेल्या शालनताईंचा चेहराही दिसेल, असा. तो एका हातानं जमेना. दोन्ही हातांनी बसवला.

कंडक्टरनं घंटी वाजवली. बस गेली.

सुर्वे स्टिअरिंगपाशी बसले. किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण निघाली नाही. त्यांनी काच खाली केली, दस्तगीरांना जवळ बोलावलं आणि मागं ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं,

“उस्ताद... शनिवारी घाट उतरायचाय. एवढं साधं पॅड... थांबेल ना गाडी?”

दस्तगीर हात पुसत होते. एक बोट पुसलं. दुसरं पुसलं.

“गाडी पहिल्या पॅडवर बी थांबत हुती, साहेब.”